ऑस्टिओपॅथकडे जाण्याआधी

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून काम करतो. कामानिमित्त दोन वर्षं ब्रिटनमध्ये होतो, तेव्हा कंबरदुखीसाठी ऑस्टिओपॅथकडे उपचार घेतले. परत आल्यावर मित्र विचारायला लागले, "तो हाडं कडकड वाजवणारा उपचार ना? खरंच गुण येतो का?" तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहिले असतील. माणूस पालथा झोपलेला, मानेजवळ माइक, एक झटका, कट्ट असा आवाज, आणि पेशंट हसत उठून बसतो. ते पाहून आपण जी अपेक्षा घेऊन जातो, तिच्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास. ऑस्टिओपॅथीचा जन्म अमेरिकेतला. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा डॉक्टर होता. १८६४ साली मेनिंजायटिसने त्याच्या घरातली तीन मुलं गेली. त्या काळची औषधं त्यांना वाचवू शकली नाहीत, त्यामुळे त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपला विचार मांडला : हाडं, स्नायू आणि रक्तप्रवाह नीट असतील तर शरीर स्वतःच बरं होतं. १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्याने कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात मुलीही होत्या, हे त्या काळात विशेष.

पुढे या विद्येच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेत 'डी.ओ.' पदवीचे लोक आज पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ औषधं देत नाही. तो हातांनी उपचार करतो. तिथे १९९३ साली ऑस्टिओपॅथसाठी स्वतंत्र कायदा झाला. परिषदेकडे नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणं तिथे गुन्हा आहे. कुणीही नाव टाकून नोंदणी तपासू शकतो.

आपल्याकडे तशी कायद्याने बांधलेली स्वतंत्र नोंदवही नाही. एमबीबीएस डॉक्टरची नोंदणी असते. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात परिषद आहे. ऑस्टिओपॅथ अशी पाटी लावणारा माणूस मात्र पुढचं शिक्षण घेतलेला उत्तम फिजिओथेरपिस्ट असू शकतो, किंवा चार दिवसांचं शिबिर करून आलेला असू शकतो. पाटी वाचून ते कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न आपण विचारायचा : "तुमची मूळ पदवी कोणती? नोंदणी कुठे आहे?" असं विचारणं उद्धटपणा नाही. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आता पहिल्या भेटीत काय होतं ते सांगतो. माझी पहिली भेट जवळजवळ तासाभराची होती, आणि त्यातला निम्मा वेळ नुसतं बोलण्यात गेला. दुखणं कधी सुरू झालं? रात्री झोपेतून जाग येते का? पायात मुंग्या येतात का? ताप? वजन घटलंय? लघवीचा काही त्रास? पूर्वी कधी हाड मोडलंय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? झोप कशी आहे, कामाचा ताण किती? मग त्याने मला वाकायला, वळायला लावलं, झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. एक्स-रे किंवा एमआरआय मागितला नाही. साध्या कंबरदुखीत सुरुवातीलाच त्याची गरज नसते.

मग त्याने एक प्रश्न विचारला, जो मला फार आवडला : "बरं वाटल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं?" मी म्हटलं, जमिनीवर मांडी घालून जेवता यावं आणि सजद्यातून उठताना हात टेकावा लागू नये. सजदा म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. मी करून दाखवलं. पुढचे सगळे व्यायाम त्याने त्याच हालचालीभोवती बसवले. तेव्हा तुम्हीही सांगा. नमाज, जमिनीवरचं बसणं, खड्ड्यांतून रोजची दुचाकी, कडेवरचं मूल, पाण्याच्या कळश्या. आपलं रोजचं आयुष्य सांगितल्याशिवाय समोरच्याला ते कळणार नाही.

उपचार काय असतो? स्नायू दाबणं, ताणणं, सांधा हळूहळू हलवणं, आपण जोर लावायचा आणि त्याने विरोध करायचा असे प्रकार. कधी तो झटका, पण दर वेळी नाही. आणि तो कट्ट आवाज म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की त्यातला दाब बदलतो आणि वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडल्यावर येतो तोच आवाज. आवाज आला म्हणून गुण आला असं नाही, आणि नाही आला म्हणून पैसे फुकट गेले असंही नाही.

नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं. हे नेहमीचं आहे. त्याहून जास्त दुखलं, पायातली ताकद कमी वाटली किंवा बधिरपणा आला, तर लगेच डॉक्टर गाठायचा.

गुण किती येतो? याचं उत्तर मधलं आहे. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात हाताने करायच्या उपचारांचा विचार करता येईल असं म्हटलं आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच. नुसतं पडून राहायचं आणि दुसऱ्याने आपल्याला दुरुस्त करायचं, असं ते नाही. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर काहीच फरक नसेल तर पुन्हा विचार करायला हवा. कुणी पहिल्याच दिवशी तीस भेटींचं पॅकेज विकत असेल, किंवा याच हातांनी दमा, मधुमेह, वंध्यत्व बरं करतो म्हणत असेल, तर नम्रपणे उठून यायचं. कवटीला हलका स्पर्श करून आजार बरे करण्याचा प्रकारही या विद्येत आहे. त्याला भक्कम पुरावा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही दुखणी अशी असतात की त्यांना हात लावण्याआधी डॉक्टरकडेच जायला हवं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यात तर थांबायचंच नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात. अपघातानंतरची पाठदुखी, पूर्वी कॅन्सर झालेल्याची पाठदुखी. आणि आपल्या देशात आणखी एक : मणक्याचा क्षयरोग. आठवडेच्या आठवडे पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, भूक जाते. घरचे म्हणतात, उसण भरली असेल, कुणाकडून तरी चोळून घे. क्षय औषधांनी बरा होतो. पण आधीच पोखरलेल्या मणक्याला झटका दिला, किंवा चोळण्यात महिने घालवले, तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे जाऊ शकतात. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, तिथेही झटका नको. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. क्वचित असलं तरी ते पेशंटला आधी सांगायलाच हवं.

आपल्या मोहल्ल्यातल्या हाडवैद्याबद्दल कुणीतरी विचारणारच. मी त्यांची थट्टा करणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या गरिबांना तेच परवडले. पण कसोटी सगळ्यांना एकच : आधी विचारतो का, तपासतो का, धोका सांगतो का, आणि "हे माझं काम नाही, डॉक्टरकडे जा" असं म्हणतो का? इंग्रजी पाटीवाल्यालाही हीच कसोटी आणि हाडवैद्यालाही हीच.

शेवटी मैत्रिणींसाठी, आणि त्यांच्या भावांसाठी व नवऱ्यांसाठीही. माझी खाला चार वर्षं पाठदुखी अंगावर काढत राहिली. कारण एकच, परक्या माणसासमोर पाठ उघडी करावी लागेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की अटी तिलाही घालता येतात. स्त्री थेरपिस्ट मागता येते. सैल, पातळ कपड्यांवरूनही बरीचशी तपासणी होते. जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा ठेवून बाकी चादरीने झाकता येतं. सोबत बहीण किंवा आई बसू शकते. हात कुठे लावणार आणि कशासाठी, हे आधी विचारता येतं, आणि मध्येच "थांबा" म्हणता येतं. ब्रिटनमध्ये माझी संमती दर टप्प्यावर विचारली जात होती. ती काही गोऱ्या लोकांची सवय नव्हे, तो पेशंटचा हक्क आहे. तुमच्या घरातल्या बाईला तो हक्क माहीत नसेल तर आज घरी जाऊन सांगा. आणि तिची पाठ दुखतेय हे तिने चार वेळा सांगायची वाट पाहू नका. कळशी उचला, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.

खाला आता एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम करते आणि तेवढा वेळ घरात कुणी तिला हाक मारत नाही. तो नियम तिने स्वतः घातलाय.

मी तुम्हाला इतका वेळ प्रश्न विचारा म्हणून सांगतोय, तर आता माझ्यापासूनच सुरुवात करा. ज्याचं उत्तर मला येणार नाही, ते येत नाही म्हणून सांगेन.