गालजीबागला जाताना



दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यात,
गालजीबागचा शांत किनारा आहे.
मागे सुरूचं बन.
पुढे समुद्र.
हा किनारा असाच मोकळा राहावा,
असं मला मनापासून वाटतं.

कारण हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येतात.
रात्री येतात.
वाळूत खड्डा करतात, अंडी घालतात,
खड्डा बुजवून समुद्रात परततात.
घरट्यांची राखण वनखात्याची माणसं करतात.
दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात.
ती उजेडाकडे निघतात.
रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते.
पण किनाऱ्यावर दिवा दिसला,
तर पिल्लं वाट चुकतात.

म्हणून, रात्री तिथे विजेरी नको.
मोबाइलचा उजेडही नको.
पुन्हा सांगते, किनाऱ्यावर दिवा नको.

सकाळी जा.
सुरूच्या सावलीत निवांत बसा.
घरट्यांच्या कुंपणापासून मात्र लांबच राहा.