बदलून मिळेल का?



सकाळपासून चहाच्या टेबलाशी एक वाक्य बऱ्याचदा कानावर आलं : ‘तेव्हा सायन्सऐवजी आर्ट्सला गेलो असतो तर!’ त्यावरच चार शब्द बोलतो.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपल्याला ‘विवेकशील ग्राहक’ भेटायचा. महत्तम समाधान मिळेल तेच तो निवडतो, असं आपण पाठ केलं आणि मार्कही मिळवले. पण माणूस खरंच तसा वागतो का?

डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठात फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर एक प्रयोग केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने स्वतःच्या दोन फोटोंपैकी एक घरी न्यायचा, दुसरा देऊन टाकायचा. काहींना सांगितलं, थोड्या दिवसांत बदलून मिळेल. काहींना सांगितलं, आता बदल नाही. पुढे बघितलं तर, ज्यांना बदलायची मुभा नव्हती त्यांनाच आपला फोटो जास्त आवडत होता. आणि खरी गंमत पुढेच. ‘तुम्हाला कुठल्या वर्गात जायचंय?’ असं इतरांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी बदलून मिळणाराच वर्ग मागितला! म्हणजे जिथे समाधान कमी, तेच माणसं आपणहून निवडतात. कारण ते कमी पडेल हे आधी कळतच नाही.

आपले बाक आठवा. सरांनी उंचीप्रमाणे बसवलं. शेजारी कोण हवा, हे कुणी विचारलं नाही. त्याच्याशीच भांडलो, त्याच्याच डब्यातली पोळी-चटणी खाल्ली, आणि आज हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा शोधलं तेही त्यालाच.

म्हणून निवड नकोच, असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या कितीतरी मैत्रिणींना पुढे शिकायचंय का, हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. नको तिथे अडकलेल्याला बाहेर पडायची वाट हवीच. पण जे निवडलं ते बरं चाललंय, तिथे मनातल्या मनात रोज अदलाबदल कशाला?

आता आपली मुलं-नातवंडं दहावीनंतरचे फॉर्म भरतील. भरण्याआधी त्यांच्याशी हवं तेवढं बोला. प्रवेश झाल्यावर मात्र ‘अजून बदलता येतंय का बघ’ असं दर आठवड्याला म्हणू नका. मूल रमायला लागलेलं असतं. आपणच त्याला उठवतो.