फुगलेला आंकडा आणि रिकामें खळें
(गांवच्या चावडीपुढें झालेलें भाषण)



एकाचाच हुकूम चालला म्हणजे कामें झटपट होतात, असें आपल्यांतले पुष्कळजण म्हणतात. चीन देशांत झटपट काय झालें तें ऐका.

१९५८ सालीं माओच्या राजवटीनें जमिनी, बैल, अवजारें सारीं सामायिक केलीं. पोलाद वाढावें म्हणून घरच्या कढया गांवच्या भट्ट्यांत वितळवल्या. निघालें बहुतेक कीट. (असल्या लोखंडाचा विळा होईल काय, हें आपल्या लोहारदादांनींच सांगावें!) वरचा खूष व्हावा म्हणून खालच्यानें पिकाचा आंकडा फुगवावा, आणि त्या आंकड्यावर सरकारनें धान्य उचलावें. खळीं रिकामीं झालीं. १९५९ सालीं संरक्षणमंत्री फंग देह्वाय, गरीब शेतकऱ्याचाच पोर, यानें माओला पत्र लिहून चुका दाखविल्या. त्याचेंच पद गेलें. मग दुसरा कोण तोंड उघडणार? १९६१ पर्यंत कोट्यवधि माणसें भुकेनें मेलीं. आणि १९५९ सालीं तेथून धान्य परदेशीं विकलें जात होतें!

आपल्याकडे १९७२ सालीं पाऊस असाच रुसला. पण मोर्चे निघाले, वर्तमानपत्रें ओरडलीं, विधानसभेंत जाब विचारला गेला. १९७३ च्या उन्हाळ्यांत ५० लाखांच्या आसपास माणसें दुष्काळी कामांवर होतीं. मजुरी तुटपुंजी खरी, पण चूल पेटली. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला.

अमर्त्य सेन या अर्थपंडितांनीं हा भेद जगापुढें मांडला, आणि आपलें उणेंहि झांकलें नाहीं. दुष्काळाची बोंब होते. रोज अर्धपोटीं निजणाऱ्या पोराची होत नाहीं. तान्हीं मुलें जगविण्यांत चीन आपल्या पुढें गेला, तो तेथें मतपेटी नसतांना.