एका न्हाण्यापुरता शांपू
किराणा दुकानाच्या दारात लटकणारी शांपूच्या पुड्यांची माळ आपण रोज पाहतो. तिची एक मोठी कहाणी तामिळनाडूतल्या कडलूरची. तिथल्या चिन्नी कृष्णन यांचा आग्रह होता, श्रीमंत वापरतात ते हमालालाही परवडलं पाहिजे. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांत स्वतंत्र धंदा मांडला आणि 'चिक' शांपू छोट्या पुड्यांत आणला.

रोजंदारीवर जगणाऱ्याला अख्ख्या बाटलीचे पैसे एकदम काढणं जमत नाही. एका न्हाण्यापुरते जमतात. चिकचे विक्रेते खेडोपाडी जाऊन एखाद्या मुलाचे केस चारचौघांत धुऊन दाखवत, लोकांना हात फिरवून बघायला सांगत. मग योजना आली: कोणत्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक फुकट न्या. जम बसल्यावर फक्त चिकच्याच पुड्या स्वीकारल्या जाऊ लागल्या. फार हुशारीची चाल होती ही! बड्या कंपन्यांनाही छोट्या पुड्यांच्या बाजारात उतरावं लागलं.

आज त्याच पुड्या गटारांत अडकतात, कारण हे थरांचं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही. ज्या उद्योगानं गरिबाची गरज इतकी नेमकी ओळखली, त्यानंच हा कचराही उचलला पाहिजे.