क्वार्टर गेटपलीकडची शाळा



आमच्या लहानपणीं कसबा पेठेंतल्या मुलास ‘लष्कर’ हा परमुलूख वाटे. क्वार्टर गेट ओलांडलें कीं भाषा बदले, पोषाख बदले, दुकानांवरच्या पाट्याहि बदलत. त्या मुलखांत १८६७ पासून उभी असलेली सेंट व्हिन्सेंट्स ही शाळा आम्हांला सहसा दिसत नसे. दिसलीच तरी आपली वाटत नसे. आज तिच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

वास्तविक कॅथलिक लोक पुण्याला नवखे नव्हते. सवाई माधवराव पेशव्यांनीं आपल्या फौजेंतील कॅथलिकांना प्रार्थनामंदिरासाठीं क्वार्टर गेटजवळ जागा दिली होती. शाळा मात्र इंग्रजांच्या छावणीबरोबर आली, आणि ती चालविली जर्मन जेझुइट धर्मगुरूंनीं. शिकविणें हें या संघाचें जुनें व्रत. वर्ग, पाठांतर, उजळणी आणि स्पर्धा यांची सविस्तर नियमावली त्यानें १५९९ मध्येंच आपल्या शाळांना घालून दिली होती. मीं स्वतः छत्तीस वर्षें खडू हातांत धरला. अशा शिस्तीचें मोल मी जाणतों.

पण शिस्तीनें शाळा टिकते. वाढते ती दार उघडल्यानें. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशीं धाडलें, तेव्हां त्यांच्या संस्था इतर देशांतील जेझुइटांना सांभाळाव्या लागल्या. पुण्यांत पुढें स्विस फादर आले. १९४७ नंतर गोरी छावणी उठली आणि शहरांतील मुलें अशा शाळांच्या बाकांवर अधिकाधिक बसूं लागलीं. १९६१ मध्यें याच संघानें पाषाण येथें लॉयोला ही शाळा काढली. परंतु खरें वळण मला १९७३ मध्यें दिसतें. त्या वर्षीं संघाचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथें माजी विद्यार्थ्यांपुढें प्रश्न ठेवला, कीं आम्हीं तुम्हांला न्यायासाठीं शिकविलें काय? आणि उत्तरहि स्वतःच दिलें, कीं नाहीं. शिक्षकानें आपल्याच विद्यार्थ्यांपुढें उणीव कबूल करावी, ही गोष्ट लहान नव्हे.

म्हणून मीहि माझी एक चूक सांगतों. फार वर्षांपूर्वीं तांबट आळींतील एक गृहस्थ, मुलाला लष्करांतल्या या शाळेंत घालावें काय, असें विचारावयास आले. मीं म्हटलें, “मराठी जाईल, आणि मुलगाहि परका होईल.” त्यांनीं ऐकलें. ती शाळा मीं आंतून कधीं पाहिलीहि नव्हती! मुलगा पुढें आपल्या हिमतीवर उभा राहिला, पण एकदां मला म्हणाला, “गुरुजी, ‘चला, आधीं पाहून येऊं’ एवढें तरी तुम्हीं म्हणावयास हवें होतें.” त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

माझी मराठीची काळजी मात्र अगदींच खोटी नव्हती. महाराष्ट्रांतील सर्व शाळांना मराठी शिकविणें भाग पाडण्यासाठीं २०२० मध्यें कायदा करावा लागला. पण कायद्यानें तास मिळतो, गोडी लागत नाहीं. ती लावण्याची परंपरा जेझुइटांच्या घरांतच आहे. गोव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापलें गेलें. आणि विसाव्या शतकांत जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनीं आमच्या शेजारच्या शनिवार पेठेंत ‘स्नेहसदन’ उभें केलें, तें मराठी माणसांशीं संवाद साधण्यासाठीं. ते पेठेंत आले. आम्ही मात्र क्वार्टर गेटपाशींच थबकलों.

पालकहो, कोणत्याहि शाळेची कीर्ति किंवा अपकीर्ति ऐकून मुलाचें भवितव्य ठरवूं नका. तेथें जा, आणि दोन गोष्टी पाहा. मराठीचा तास तेथें आनंदानें चालतो काय? आणि पुढच्या बाकावर गरिबाचें मूल बसलेलें आहे काय? शाळा दीडशे वर्षांची असो वा कालची, तिची खरी परीक्षा हीच. आणि पूर्वग्रह घेऊन बसलेल्या आम्हां मास्तरांचीहि.