जखमी मन, योग आणि सामाजिक न्याय
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा दोघींना आज योग व आरोग्य या विषयावर बोलायला सांगितले आहे. आसनांची यादी आम्ही सांगत बसणार नाही. आमची एक चूक मात्र तुमच्यासमोर कबूल करणार आहोत.

याच सभागृहात आम्ही महिलांचा सकाळचा वर्ग घ्यायचो. "डोळे मिटा, हलू नका," असं सांगायचं आणि कुणाची पाठ वाकडी दिसली की मागून जाऊन खांदे सरळ करायचे. आम्हालाही तसंच शिकवलं होतं. एके दिवशी एका भगिनीच्या खांद्यावर असाच हात ठेवला आणि ती किंचाळून उठली. घामाने चिंब झालेली. चपला न घालताच घरी गेली. बायका म्हणाल्या, "अंगात आलं असेल." आम्ही म्हणालो, "मन कमकुवत आहे." दोन्ही चूक होते. पुढे तिनेच सांगितले, की लग्नानंतर मागून आलेला प्रत्येक हात माराचाच असायचा. तिच्या परवानगीने, नाव न घेता, हे सांगत आहोत.

संकट आले की शरीर लढते, पळते, नाहीतर जागीच गोठते. हे आपण ठरवून करत नाही. प्रसंग सरला तरी काहींच्या शरीरातली धास्ती सरत नाही. झोप उडते, छाती धडधडते, आवाजाने दचकायला होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली या आजाराची अधिकृत नोंद केली. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक त्यासाठी झगडले होते. डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की घरात मार खाणारी स्त्री आणि युद्धातून आलेला सैनिक यांच्या जखमा सारख्याच असतात, आणि चळवळीचे पाठबळ नसेल तर समाज अशा जखमा विसरून जातो.

याच जाणिवेतून बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथील ट्रॉमा सेंटरमध्ये डेव्हिड इमर्सन यांनी डॉ. बेसेल व्हॅन डर कोक यांच्यासह योगाची वेगळी पद्धत बसवली. शिक्षक हुकूम देत नाही. "वाटलं तर हात वर घ्या, नको वाटलं तर राहू द्या," असे म्हणतो. कुणाला स्पर्श करत नाही, पाठीमागे फिरत नाही, सर्वांच्या समोर राहून स्वतःही आसन करतो. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. आसन देखणे व्हावे हा हेतूच नसतो. पाय जमिनीला टेकले आहेत हे जाणवते का, आणि पुढे काय करायचे ते मी ठरवू शकते का, एवढेच पाहायचे असते.

2014 साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या 64 स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवड्यांनंतर योगगटातील 31 पैकी 16 जणींना आजाराचे निकष लागू राहिले नाहीत. नुसते आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात 29 पैकी 6 जणी तशा होत्या. अभ्यास छोटा आहे, हे ध्यानात ठेवूया. योगाने सगळे बरे होते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता कुणी विचारेल, यात सामाजिक न्याय कुठे आला? आपल्या महाराष्ट्रातलेच बघा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तोच मथुरा खटला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, हे त्यामागचे एक कारण होते. भीतीने शरीर गोठते हे न्यायासनाने ओळखले नाही. 1979 मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कायद्यात स्पष्टपणे यायला मात्र 2013 साल उजाडले. शरीराची भाषा कळणे हा न्यायाचाच भाग आहे, तो असा.

आपल्या माणसांच्या शरीरावर पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचा हुकूम चालला. कुठे उभे राहायचे, कुठले पाणी प्यायचे, हे दुसरे ठरवत आले. अशा माणसाला वर्गातही "हलू नकोस" असे दरडावणे म्हणजे जुनाच हुकूम नव्या तोंडाने देणे होय. पण उलट बाजूही आहे. मारणारा मोकळा आणि मार खाणारीने मात्र श्वास मोजत शांत राहायचे, हा योग आम्हाला मान्य नाही. तक्रार, वकील, डॉक्टर, संघटना हे सगळे लागतेच. योगाने त्या लढ्यासाठी पायांत बळ यावे.

म्हणून आम्ही आमचा वर्ग बदलला. दार उघडे असते. विचारल्याशिवाय स्पर्श नाही. मध्येच उठून गेले तर कुणी जाब विचारत नाही. ध्यानात श्वासाने जीव घाबरत असेल तर डोळे उघडून जमिनीकडे पाहावे. फी घेत नाही, कारण ज्यांना गरज जास्त त्यांच्याकडेच पैसा कमी असतो.

ती भगिनी तीन महिन्यांनी परत आली. अजूनही दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसते. आम्ही तिला पुढे बोलावत नाही. कुठे बसायचे, ते तिने ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!