हाताला कळेपर्यंत

नाटक-गाण्यांची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

तुमच्या आणि रंगमंचाच्या मध्ये सध्या मी उभा आहे, म्हणून एकच मुद्दा मांडतो. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आणि त्यातले शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. साडेचार वर्षे शिकायचे आणि उरलेल्या वर्षात ते वापरायचे, असा हिशेब बरेच जण करतात. मला तो मान्य नाही. या विद्येचा मोठा भाग हाताला कळला तरच कळतो. तेव्हा हाताचे शिक्षण शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही.

गाभण तपासणीच घ्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून हात गायीच्या गुदमार्गात घालायचा आणि आतड्याच्या भिंतीपलीकडचे गर्भाशय बोटांनी चाचपायचे. दोन-अडीच महिन्यांची गाभण असेल तर गर्भाशयाचे एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगलेले लागते, आत पाणी असल्याचे जाणवते. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या सरांना तुमची बोटे दिसत नाहीत आणि त्यांच्या बोटांना काय लागले होते हे तुम्हाला कळत नाही. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी नेमक्या याच अडचणीवर ‘हॅप्टिक काऊ’ ही संगणकावरची गाय तयार केली. तिच्यात विद्यार्थ्याला स्पर्श जाणवतो आणि त्याचे बोट कुठे पोचले आहे, ते शिक्षकाला पडद्यावर दिसते. एवढा खटाटोप का करायचा? चुकून ‘गाभण आहे’ म्हटले, तर शेतकरी भाकड जनावराला महिनोन्‌महिने चारा घालत बसतो. चुकून ‘नाही’ म्हटले आणि माजावर आणायचे इंजेक्शन दिले, तर पोटातला गर्भ जातो. दुग्धज्वराचेही असेच. व्यायलेली गाय बसली ती उठेना, तर शिरेतून कॅल्शियम द्यायचे, हे सगळ्यांना पाठ असते. पण ते भरभर गेले तर हृदय थांबू शकते. ठोका बिघडू लागला आहे, हे त्या क्षणी कानालाच ओळखावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो जनावराच्या बाजूने, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. एकाच गायीला वर्गातल्या प्रत्येकाने तपासायचे, हे शिक्षण नव्हे, छळ आहे. आतड्याला इजाही होते. पण यावरून हात लावूच नये असे ठरत नाही. कत्तलखान्यातून आणलेली म्हशीची गर्भाशये आधी टेबलावर हाताळावीत, मग कृत्रिम नमुन्यावर सराव करावा, आणि जिवंत जनावराकडे एका वेळी मोजक्यांनीच, देखरेखीखाली जावे. न शिकलेला हात पदवी घेऊन गोठ्यात गेला, तर तोच छळ पुढे हजारो जनावरांच्या वाट्याला येतो.

दुसरा आक्षेप यंत्राचा. सोनोग्राफी आली, आता चाचपायचे कशाला? पण गायीची सोनोग्राफी करतानाही प्रोब बहुधा त्याच वाटेने हातानेच आत न्यावा लागतो. अंडाशय कुठे असते हे बोटांना ठाऊक नसेल, तर पडद्यावर नुसत्या करड्या सावल्या दिसतात. यंत्राने निदान लवकर आणि नेमके होते, हे खरेच. हाताचे काम मात्र त्याने संपलेले नाही.

तिसरी तक्रार तुमची स्वतःची असू शकते, की आंतरवासितेत हाताला काम मिळण्याऐवजी नोंदवह्या भरायला आणि लसींचे खोके उचलायला मिळते. जिथे असे होत असेल, तिथे दोष प्रशिक्षणाच्या कल्पनेत नाही, मोजमापात आहे. आपण हजेरीचे दिवस मोजतो. अडलेली किती वासरे सोडवली आणि त्यातली किती स्वतःच्या हाताने, हे मोजत नाही. मोजायचे तर तेच मोजावे. आणि त्या नोंदीवर सही करणारा शिक्षक त्या वेळी गोठ्यात हजर असावा, एवढी मागणी तुम्ही आत्ताच, या वर्षीच, प्राध्यापकांकडे करायला हरकत नाही. ते समोरच बसले आहेत.